पडद्याचं खालचं टोक

९ जानेवारी

ताई,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच ताई.

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि न उघडताच शिवणयंत्राच्या खणात टाकून दिलं. मग गवंड्याच्या पायात काटा गेला. सुई शोधायला त्याने खण उघडला, पाकीट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, “बहिणीचं पत्र आहे. चावणार नाही. उघड.” गवंडी म्हणजे माझा नवरा, विसरली असशील तर सांगते. तुमच्या घरात त्याला अजून ‘तो परका’च म्हणत असतील.

उघडलं. चार ओळी ख्यालीखुशालीच्या आणि मग पानभर पडदा. मुलं बरी आहेत, गुडघा दुखतो, आणि हो, चर्चला पन्नास वर्षं होतायत, प्रभूच्या दुःखसहनाचं, वधस्तंभाचं नाटक यंदा मोठं करायचंय, बिशप येणार आहेत, आणि मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला पाहिजे, आणि तो तुझ्यासारखा कुणालाच शिवता येत नाही. वा गं वा! इतकी वर्षं मी मेले की जगले याची चौकशी नाही, आणि पडदा फाटेना तशी धाकटी बहीण आठवली.

मी गेल्यापासून म्हणे तुम्ही कड्यांवरचा पडदा लावता आणि दोरीने बाजूला ओढता. प्रभू प्राण सोडतो आणि पडदा न्हाणीघरातल्यासारखा सर्रकन सरकतो. गेल्या वर्षी मागच्या बाकांवरचे लोक हसले, असं तूच लिहिलंयस. तुझ्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. मला वाचूनच बरं वाटलं.

तरी शिवते. दचकू नकोस, शिवते म्हटलं. पण तुझी एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘ह्यांना सांगणार नाही तू शिवलास म्हणून, बाहेरून करून घेतला असं सांगेन.’ म्हणजे माझा हात चालतो, माझं नाव चालत नाही. बरंय. मी लक्षात ठेवलंय.

मापं पाठव. उंची, रुंदी, दांडी लाकडाची की लोखंडाची, आणि शिडीवर कोण चढणार. अजून घंटेवाले काकाच असतील तर त्यांना म्हणावं, शिडी आधी तपासून घ्या, तुमचं वजन आता पूर्वीचं नाही.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

मापं मिळाली. जांभळं जाड कापड आणलंय. दुकानदार म्हणाला, एवढा मोठा पडदा म्हणजे नाटक कंपनी दिसते. मी म्हटलं, तसंच समजा.

काम कसं असतं ते तुला सांगून ठेवते, कारण तुला साधं बटण लावता येत नाही आणि ऐन वेळी घोळ घालशील. सिमेंटचं पोतं आठव. त्याच्या तोंडाला जो दोरा असतो ना, तो साखळी टाका. टाका जिथे संपतो ते टोक धरून ओढलं की सगळी शिवण सर्रर्र उसवत जाते. पण जिथे सुरू झाला ते टोक धरून ओढलंस तर इंचभर हलणार नाही, उलट आवळत जाईल. गवंडी दिवसभर पोती फोडतो, त्याला डोळे मिटून कळतं. पडद्याचे दोन भाग ह्याच टाक्याने जोडायचे. खालून सुरू करायचं, वर संपवायचं, आणि वरचं टोक काकांच्या हातात द्यायचं. त्यांनी ओढलं की पडदा वरून खाली उघडत येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, फाटला. एकदाच होतं ते. तालमीत उसवलं तर पुन्हा शिवावं लागतं, म्हणून तालमीत हात लावायचा नाही. एवढंच आहे सगळं गुपित, आणि ह्याच्यावर तुमच्या मंडळीतल्या बायका दर वर्षी डोळे पुसायच्या.

तू विचारलंयस, राग गेला का.

ताई, तुला तो रविवारचा वर्ग आठवतो? दाजी तेव्हा दाजी नव्हते, आपले मास्तर होते. भिंतीला कापडी नकाशा टांगून, हातात छडी घेऊन ते यहुद्यांचं जुनं मंदिर दाखवायचे. बाहेरचं अंगण परक्यांचं. मग ती बुटकी भिंत आणि तिच्यावर पाटी की परक्याने पलीकडे पाऊल टाकलं तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. मग बायकांचं अंगण, पुरुषांचं, याजकांचं, आणि पार आत तो पडदा. पडद्यामागे परमपवित्र जागा, तिथे एकट्या महायाजकाने जायचं, तेही वर्षातून एकदाच, रक्त घेऊन. तू पहिल्या बाकावर बसून मास्तरांकडे बघायचीस. नकाशा पाठ केला तो मी.

आणि मग ते छडी खाली ठेवायचे. म्हणायचे, हे सगळं पुढे येणाऱ्या गोष्टीची सावली होतं. खरं मंदिर प्रभूचं शरीर. ते मोडलं त्या क्षणी पडदा फाटला, आणि वरून खाली फाटला, कारण देवाने फाडला. माणसाने फाडला असता तर खालून फाडला असता. ती परक्यांची भिंतही त्याच दिवशी पडली. आता आतला-बाहेरचा कुणी नाही. आता तुमचा देह हेच मंदिर, आणि तुम्ही सगळे त्याचे जिवंत दगड. काय सुंदर सांगायचे गं! माझ्या अंगावर काटा यायचा. मी खरं मानलं ते सगळं. अजून मानते. म्हणूनच राग जात नाही.

मी मंडळीबाहेरच्या गवंड्याशी लग्न केलं म्हणून माझं प्रभुभोजन, चर्चमधली भाकर आणि प्याला, बंद केलं. केलं तर केलं, मी सोसलं. मग मुंगी झाली. एवढीशी होती म्हणून गवंडी तिला मुंगी म्हणायचा. मी तिला घेऊन दाजींच्या दारात गेले, बाप्तिस्मा द्या म्हणाले. दाजी म्हणाले, आईबाप दोघं मंडळीत असल्याशिवाय देता येत नाही. मी पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जायच्या आत तिला ताप आला आणि ती गेली.

आणि कबरस्तानाच्या फाटकात दाजी हात आडवा धरून उभे. “बाप्तिस्मा झालेला नाही, आत जागा देता येत नाही. नियम मी केलेला नाही.” ऐकलंस ना तू? आधी पाणी द्यायचं नाही आणि मग पाणी मिळालं नव्हतं म्हणून माती द्यायची नाही! गवंड्याने भिंतीबाहेर, भिंतीला लागून, स्वतः खड्डा खणला. त्याला मदत करायला कुणी पुढे झालं नाही. दाजींनी बाहेर येऊन प्रार्थनासुद्धा केली नाही. दर वर्षी सांगतात ना, देह म्हणजे मंदिर? हातभर मंदिर होतं माझं, ताई. तुमच्या एवढ्या आवारात त्याला जागा नव्हती.

तू दाजींच्या शेजारी त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरून उभी होतीस. मी सारखी तुझ्याकडे बघत होते. तू एक शब्द बोलशील म्हणून. तू मूग गिळून उभी राहिलीस, आणि सगळं उरकल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणालीस, “चल घरी, चहा ठेवते.”

तर राग गेला नाही. दाजींचा नाही आणि तुझा तर मुळीच नाही. दाजी निदान तोंडावर बोलले.

पडद्याच्या बदल्यात मला शिलाई नको, आभार नकोत. मुंगी भिंतीच्या आत आली पाहिजे. कशी आणायची ते तुमचं तुम्ही ठरवा. दाजींना विचार आणि उत्तर कळव. तोवर मी शिवण घालत नाही.

तुझी धाकटी

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. ‘आत्ता त्यांना विचारायची वेळ नाही गं. बिशप येणार म्हणून ते फार काळजीत आहेत. कार्यक्रम पार पडू दे, मग त्यांचा मूड बघून विषय काढते.’

त्यांचा मूड बघून!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गवंडी समोर जेवत होता, त्याला वाचून दाखवलं. तो घास गिळून म्हणाला, “तुझी बहीण घाबरट आहे, वाईट नाही.” मी म्हटलं, माझ्या लेकराला दोन्हीचा सारखाच उपयोग झाला. तो उठून ताट धुवायला गेला. त्याला वाद घालता येत नाही आणि मला सोडता येत नाही, असा आमचा संसार आहे.

पडदा शिवून झाला. आज पार्सल केला. फार देखणा झालाय, उघडून बघशील तेव्हा तुलाही वाटेल. दाजी तर हुरळून जातील. वर दांडीसाठी नेफा घातलाय, मधोमध टोकाला दोरी बांधून सोडलीय. दांडीत ओवा आणि दोरी काकांच्या हातात द्या, बस.

आता नीट वाच. मी शिवण वरून सुरू केली आणि खाली संपवली.

कळलं? काकांच्या हातात येणार ते सुरुवातीचं टोक. त्यांनी जीव खाऊन ओढलं तरी पडदा फाटायचा नाही. प्रभू वधस्तंभावर मान टाकेल, दिवे जातील, सगळी मंडळी श्वास रोखून बसेल, बिशप पुढे वाकून बघतील, आणि पडदा मख्खासारखा लटकत राहील. ज्या पडद्यावर दाजी इतकी वर्षं प्रवचनं झोडतायत, तो त्यांच्याच घरच्या मंदिरात, त्यांच्याच वरिष्ठांसमोर फाटायला नकार देईल. का म्हणून फाटावा? त्यांनी भिंत पाडलीय का? माझ्या मुंगीला जिथे अडवलं तिथे ती अजून उभी आहे ना? मग पडदाही राहू दे उभा.

तू म्हणशील, हे मला का सांगतेस. मुद्दाम सांगतेय. गुपचूप पाठवला असता तर तो फक्त दाजींवरचा सूड झाला असता. तुझं काय? हे पत्र वाचलंस म्हणजे तूही ह्यात आलीस. आता दोनच वाटा आहेत. एक तर दाजींकडे जा आणि खरं सांग, की पडदा माझ्या बहिणीने शिवलाय, तो फाटणार नाही, आणि का फाटणार नाही. म्हणजे मुंगीचं नाव काढावंच लागेल. नाहीतर गप्प बस. तुला ते चांगलं जमतं. तेव्हा माझ्या लेकराच्या वेळी गप्प बसलीस, आता नवऱ्याच्या वेळी बसून दाखव.

खालचं टोक मी शिवणीतच खोचून ठेवलंय, मधोमध, झालरीच्या आत. खाली बसून ते ओढलं तर पडदा उसवेल, पण खालून वर. ते कुणाला माहीत असणार नाही. फक्त तुला.

तुझी धाकटी

११ मार्च

ताई,

पार्सल मिळाल्याची पावती पोस्टातून आली, तुझी सही आहे. तुझी एक ओळ नाही. म्हणजे तू दाजींना सांगितलेलं नाहीस आणि मलाही काही सांगणार नाहीस.

छान. मला अगदी हेच हवं होतं.

तुझी धाकटी

२९ मार्च

ताई,

मी नाटकाला आले होते. तू मला पाहिलं नाहीस. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड, डोक्यावरून ओढणी घेऊन बसले होते. ज्या चर्चमध्ये मला प्रभुभोजन मिळत नाही तिथे तमाशा बघायला बसायची बंदी कुणी घातलेली नाही. गवंडी आत आला नाही. तो मुंगीजवळ जाऊन बसला.

तुला काय वाटलं असेल ते तुला माहीत, पण तुला मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते.

पडदा लागलेला पाहून दोन बायका माझ्या पुढे कुजबुजल्या, “अगदी खराखुरा वाटतो नाही?” मला आत गुदगुल्या झाल्या. दाजी कडेला उभे होते, नवा झगा, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. चेहऱ्यावर नवरदेवासारखं तेज. बिशपांना काहीतरी हळूच समजावून सांगत होते, छडीऐवजी बोटाने. पहिल्या बाकावर तुझी पाठ दिसत होती. इतकी ताठ बसलेली मी तुला कधी पाहिली नाही.

मग प्रभूने प्राण सोडला. दिवे गेले. पत्र्याचा गडगडाट झाला. आणि काहीच झालं नाही. पडदा वरून जरासा हलला. पुन्हा हलला. दांडी कुरकुरली. मग त्या काळोखात, शिडीवरून, काकांचा आवाज चर्चभर ऐकू आला : “अहो, अडकलंय हे!”

पोरं खिदळली. मोठी माणसं खोकली. वधस्तंभावरच्या प्रभूने एक डोळा उघडून बघितलं. दिवे लागले तेव्हा दाजींच्या कपाळावर घाम होता आणि बिशप छताकडे बघत होते. मी ओठ चावून बसले होते, हसू फुटेल म्हणून. तेव्हाच उठून निघून जायला हवं होतं, माझं काम झालं होतं.

पण दाजी कच्च्या गुरूचे चेले नाहीत. एक क्षण गडबडले, दुसऱ्या क्षणी हात वर करून पुढे आले. म्हणाले, “बंधूंनो, भगिनींनो, हसू नका. पडदा फाटला नाही. हा योगायोग म्हणाल? देवाने ज्या दिवशी तो फाडला त्या दिवशी मोकळी झालेली वाट आपणच पुन्हा बंद केलीय. आपल्यातलं कुणाचं तरी पाप हा पडदा घट्ट धरून बसलंय.” आवाज चढत गेला. चर्च चिडीचूप. समोरची बाई रडायला लागली. बिशप मान डोलवायला लागले! ताई, माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस माझा सूड चावून, गिळून, ढेकर देत होता. माझ्या शिवणीचं त्यांनी प्रवचन केलं. मला त्या बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं.

“सांगा!” दाजी गरजले. “कुणाचं पाप?”

असं विचारलं की कुणी उत्तर द्यायचं नसतं. माना खाली घालायच्या असतात. सगळ्यांनी घातल्या. तू उभी राहिलीस.

“आपलं,” म्हणालीस.

दाजी हसले. “अगदी बरोबर. आपल्या सर्वांचं.”

“सर्वांचं नाही हो. आपलं. तुमचं आणि माझं.”

तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. दाजी म्हणाले, “बस खाली.” तू बसली नाहीस. बिशप म्हणाले, “बोला बाई.” आणि तू बोललीस. भिंतीबाहेर माझ्या बहिणीचं लेकरू आहे. ह्यांनी बाप्तिस्मा नाकारला आणि मग बाप्तिस्मा नाही म्हणून जागा नाकारली. मी शेजारी उभी होते, मी काही बोलले नाही. हा पडदा तिने शिवलाय. तो वरून फाटणार नाही हे मला ठाऊक होतं.

मग तू पुढे गेलीस. दुखऱ्या गुडघ्यावर सगळ्यांसमोर खाली बसलीस, झालर चाचपलीस आणि टोक ओढलंस. खालपासून वरपर्यंत, सर्रर्र, एका दमात. दोन भाग दोन बाजूंना झाले आणि मागे घंटेवाले काका, शिडीवर, हातात दोरी धरून. म्हणाले, “हात्तिच्या, खालून होतं होय!”

कुणी हसलं नाही.

दाजींचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी रात्री झोप लागली. प्रार्थनेत क्षमा मागायला गेले तर शब्दच आले नाहीत, म्हणून उठले आणि भाकऱ्या थापल्या.

पण तू माझा घोटाळा केलास. मी तुला गप्प बसलेली बघायला आले होते. तू नवऱ्याची फजिती मुकाट बघत राहशील, आणि जन्मभर तुझ्या मनात ते सलत राहील, एवढंच मला तुझ्याकडून हवं होतं. आता तुझ्यावरच्या रागाचं काय करायचं ते मला सुचत नाही. तो आहे अजून. पण पूर्वी कसा भरभक्कम होता, आता हाताला लागत नाही. ह्याबद्दलही मी तुझ्यावर चिडलेय.

धाकटी

१० एप्रिल

ताई,

तुझं पत्र आणि आत दाजींची चिठ्ठी, दोन्ही मिळालं.

बिशपांनी दाजींना चांगलंच फैलावर घेतलं म्हणतेस. मोठ्या चर्चवर व्हायची होती ती त्यांची बदली थांबली. घरात ते तुझ्याशी बोलत नाहीत, भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा मुलाकरवी सांगतात. तू बरी आहेस ना? हे मी सहज विचारतेय, फार अर्थ काढू नकोस.

आता त्यांच्या चिठ्ठीबद्दल. ‘झालं गेलं विसरून जाऊ. पंचांच्या संमतीने लहानग्या जिवाचे अवशेष एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर, गाजावाजा न करता, आत आणावेत असं ठरलं आहे. मी स्वतः प्रार्थना करीन.’

गवंड्याला वाचून दाखवलं. तो कधी चिडत नाही. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “तिला उकरणार?”

नाही. तिला कुणी हात लावायचा नाही. एकदा दारातून हाकललीत आणि आता कुणी बघत नसताना उचलून आत नेणार, शेजाऱ्याकडून आणलेली कढई परत केल्यासारखी? ती जिथे आहे तिथेच राहील. तिच्या बापाने खणलेली जागा आहे ती. भिंत सरकवा.

हो, भिंत. तेवढ्या भागातले दगड काढा, बाहेर वळसा घाला, मुंगीला आत घ्या आणि पुन्हा बांधा. दाजींना अवघड वाटत असेल तर त्यांचाच नकाशा त्यांना दाखव. प्रभूने काय केलं म्हणून सांगायचे ते? परक्यांना उचलून आतल्या अंगणात नेऊन ठेवलं, की भिंत पाडली?

माझ्या अटी लिहून घे. साध्या दिवशी सकाळी लवकर नाही. रविवारी, उपासना सुटल्यावर, भर दुपारी, सगळी मंडळी उभी असताना. बांधायला बाहेरचा माणूस नको, गवंडी घरचा आहे. तो म्हणाला, ओळंबा लावून अशी बांधेन की सांधा दिसणार नाही. मी म्हटलं, सांधा दिसू दे. आणि दगड काढायचे दाजींनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या हातांनी. फाटकात जो हात आडवा धरला होता त्या हाताने. हातमोजे घालायचे नाहीत. झगा घालून आले तरी चालेल, मळला तर मी धुऊन देणार नाही.

त्यांना हे मान्य नसेल तर मला काही घाई नाही. मी बिशपांना लिहीन, मग त्यांच्या वरच्यांना लिहीन. मला आता पत्रं लिहायची सवय लागलीय.

राहिली शेवटची गोष्ट. दाजींनी चिठ्ठीच्या खाली विचारलंय की कबरेवर दगड बसवायचा आहे, बाळाचं नाव काय घालावं.

बघ, आज विचारतायत! बाप्तिस्म्याला पाळक लेकरू हातात घेतो आणि आईबापांना नाव विचारतो. तेव्हाच सांगायचं म्हणून आम्ही ते कुणाजवळ बोललो नव्हतो. मी दोनदा त्यांच्या दारात नाव घेऊन उभी होते आणि त्यांनी विचारलं नाही. आता त्यांना ते मिळणार नाही. दगड चांगला मोठा घ्या, गुळगुळीत घासून घ्या, आणि कोरा बसवा. भिंतीला वळसा का, असं येणारा-जाणारा विचारेल. दगड कोरा का, असंही विचारेल. कुणाची तरी आई, कुणाचं तरी लहान पोर, नवा आलेला पाळक, सगळे विचारतील. आणि दाजी त्या चर्चमध्ये आहेत तोवर प्रत्येकाला उत्तर दाजींनी द्यायचं, खरं उत्तर, अगदी पहिल्यापासून. ते टाळाटाळ करू लागले तर तू शेजारी उभी असशीलच.

नाव मला माहीत आहे आणि गवंड्याला माहीत आहे. आम्ही घरात तिला त्या नावाने हाक मारतो.

तुलाही आत्ताच सांगत नाही. आधी भिंत सरकू दे.

धाकटी